उजेड पडतो कुठे?

२०१४ च्या सुरुवातीला सरकारी घाऊक खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये मोजावे लागत होते. २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत तोच दर ३८ रुपयांवर आला. केंद्राच्या ऊर्जा क्षेत्रातल्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ईईएसएल या कंपनीमार्फत ही खरेदी झाली. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून पुढे ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी पोहोचले. त्याच दिवशी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमातून १ कोटी ३० लाखांवर पथदिवे बदलले गेले. इतक्या थोड्या काळात इतक्या घरांत शिरलेले दुसरे वीज वाचवणारे उपकरण आपल्याकडे नाही, आणि हे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे. घरातल्या दिव्यांपुरता हा हिशेब सरळही आहे. खोली होती तेवढीच राहते, भिंती उजेड अडवतात आणि परत खोलीतच टाकतात. साठ वॅटचा बल्ब काढून सात वॅटचा लावला की बिल तेवढ्याने उतरते. घराबाहेर मात्र भिंत नसते, छत नसते, आणि उजेडाला हद्दही नसते. तिथे दिवा स्वस्त झाला की तो मोठा होतो, एकाचे चार होतात, संध्याकाळी लागतो आणि सकाळी कुणाच्या लक्षात येईल तेव्हा बंद होतो. म्हणून घराबाहेरच्या एलईडी दिव्याची काटकसर खोक्यावरच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. तो उजेड कुठे पडतो, किती पडतो आणि किती वेळ पडतो, हे जमिनीवर उभे राहून पाहावे लागते. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका विधानाभोवती आहे, आणि प्रस्तावनेत ते पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आधी एक साधा हिशेब. बंगल्याच्या गेटवर पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब असायचा. रात्रीचे बारा तास तो जळला तर वर्षाला सुमारे २६३ युनिट वीज खायचा आणि सातशे ल्युमेनच्या आसपास उजेड द्यायचा. त्याच जागी सात वॅटचा एलईडी बल्ब लावला तर जवळपास तेवढाच उजेड ३१ युनिटांत मिळतो. बाजारात आज जे विकले जाते आणि कंपाऊंडच्या भिंतीवर जे लागते, ते मात्र वेगळे असते. पन्नास वॅटचे चार फ्लडलाइट, चारही कोपऱ्यांना, तोंडे बाहेरच्या बाजूला. त्यांचा उजेड मिळून वीस हजार ल्युमेन, आणि वर्षाची वीज ८७६ युनिट. दर वॅटमागे उजेड कैक पटींनी वाढला तरी बिल तिपटीच्या वर गेले. इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबाबत हेच दाखवून दिले होते: वाफेचे इंजिन जितके कमी कोळसा खाऊ लागले, तितका देशाचा कोळशाचा एकूण खप वाढत गेला. दिव्यांबाबतचा पुरावा आता जगभराचा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-निरीक्षणांनुसार २०१२ ते २०१६ या काळात, म्हणजे नेमक्या एलईडीच्या लाटेत, पृथ्वीवरचा रात्री उजळलेला भूभाग वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढत होता. बरे, हा आकडाही कमीच दाखवणारा होता. ज्या उपग्रहाची मोजमापे वापरली जातात, त्याच्या संवेदकाला पाचशे नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसतच नाही, आणि पांढऱ्या एलईडीत तोच भरपूर असतो. जमिनीवरून डोळ्यांनी तारे मोजणाऱ्या हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे निघाले. या वेगाने आठ वर्षांच्या आत तो दुप्पट होतो. जिथे जन्माच्या वेळी अडीचशे तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतात.

मग दोष एलईडीचा म्हणायचा का? नाही, आणि हे नीट समजून घेण्यासाठी एलईडी म्हणजे काय हे थोडे पाहायला हवे. तापलेली तार, पेटलेली वात किंवा काचेच्या नळीतला वायू असे त्यात काहीच नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज जाताना तिथेच प्रकाश सुटतो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये लाल रंगाचा दिसणारा एलईडी बनवला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो तीसेक वर्षे हाती लागला नाही. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी साध्य केले. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा उजेड मिळतो, आणि आज आपल्या अंगणातला जवळपास प्रत्येक दिवा याच युक्तीवर चालतो. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या शोधातल्या दोन गोष्टी कळीच्या आहेत. एक म्हणजे ही चिप एका बाजूलाच प्रकाश फेकते, त्यामुळे तिच्यावर छोटीशी लेन्स बसवून उजेडाला हवा तो आकार देता येतो. दुसरी म्हणजे ती क्षणात पूर्ण लागते, क्षणात विझते आणि कितीही मंद करता येते. सोडियमच्या दिव्याला पूर्ण तेजाला यायला काही मिनिटे लागत, आणि एकदा विझला की थंड होईपर्यंत तो पुन्हा पेटत नसे. त्यामुळे रात्रभर जळत ठेवण्याखेरीज पर्यायच नव्हता. एलईडीने तो पर्याय दिला. कमी वॅटेज ही त्याची अर्धीच देणगी आहे. उरलेली अर्धी, म्हणजे ताबा, आपण अजून खोक्यातच ठेवली आहे.

ताब्याचा पहिला भाग दिशेचा. खोक्यावर ठळक छापलेला ‘दर वॅटला इतके ल्युमेन’ हा आकडा दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचा असतो. एका दिव्यावर १३० लिहिलेले आहे, पण त्यातला निम्मा उजेड शेजारच्या भिंतीवर, झाडाच्या शेंड्यावर आणि आभाळात जातो. दुसऱ्यावर १०० आहे, पण नीट लेन्समुळे त्यातला ८० टक्के उजेड आपल्या वाटेवर उतरतो. कामाला येणारा उजेड पहिल्याचा ६५ आणि दुसऱ्याचा ८०. खोका वाचून घेणारा ग्राहक पहिला दिवा उचलतो आणि फसतो. आता गरज किती असते ते पाहू. ती लक्समध्ये मोजतात; एका चौरस मीटरवर पडलेला एक ल्युमेन म्हणजे एक लक्स. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो आणि त्यात पायवाट दिसते. रस्त्यांच्या दिव्यांसाठीच्या भारतीय मानकात, आयएस १९४४ मध्ये, कमी वर्दळीच्या रस्त्यांना सरासरी ४ ते ८ लक्स पुरेसे धरले आहेत; मोठ्या वर्दळीच्या रस्त्यांनाच १५ किंवा ३० लागतात. साधारण हजार चौरस फुटांचे, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आत-बाहेरचे अंगण घ्या. दहा वॅटच्या चांगल्या दिव्यातून हजार ल्युमेन निघतात. त्यातले सहाशे जमिनीवर पोहोचले तरी सहा लक्स झाले, म्हणजे एखाद्या निवांत रस्त्याइतका उजेड. तिथे पन्नास वॅटचा फ्लडलाइट लावून तीस-चाळीस लक्स पाडण्याला कारण काय, तर दुकानात पन्नासच्या खालचा मिळत नाही किंवा ‘लहान लाइट दिसायला बरा दिसत नाही’. मोजून दिवा घेणारे गिऱ्हाईकच नसेल, तर मोजून दिवा बनवणारा कारखानदारही तयार होणार नाही.

आता दिवा उघडून पाहू, कारण घराबाहेरचा एलईडी विकसित करण्यातले खरे कष्ट काचेच्या आत आहेत. पुढची काच आणि रबरी गॅस्केट काढली की अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या पिवळ्या ठिपक्यांसारख्या चिप दिसतात. दिव्याला दिलेल्या विजेतला मोठा भाग आजही उष्णता होऊन त्या पट्टीत उतरतो. जुन्या बल्बची उष्णता उजेडाबरोबर पुढे निघून जायची. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने, पट्टीतून, तिच्याखाली फासलेल्या पांढऱ्या पेस्टमधून आणि मग धातूच्या पन्हळी पाठीतून हवेत जावी लागते. ही वाट एका ठिकाणी जरी अडली, म्हणजे पेस्ट अपुरी लावली, पाठ पातळ पत्र्याची केली, किंवा पन्हळीत धूळ आणि कोळिष्टके बसली, तरी चिप भाजत राहते आणि तिचा उजेड झपाट्याने उतरतो. त्या मागे ड्रायव्हर असतो. घरच्या २३० व्होल्टचे चिपला चालेल अशा विजेत रूपांतर करणारा हा भाग दिव्याचा सर्वांत दुबळा अवयव. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी चढले की साधारण निम्मे होते. विदर्भात मे महिन्यातली रात्रही गरम असते, आणि दिवसभर उन्हात भाजलेला बंद दिवा संध्याकाळी लागतो तो आधीच तापलेला. खोक्यावरचे पन्नास हजार तास, म्हणजे रोजच्या बारा तासांनी अकरा वर्षांहून अधिक, हे चिपचा उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. ड्रायव्हर तेवढा टिकेल असे त्यात कुठेही म्हटलेले नसते.

पावसाळ्यातली गोष्ट याहून बारीक आहे. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि कुठून तरी थोडी बाहेर जाते. त्यावर पावसाची सर आली की धातूचे अंग एकदम गार होते, आतली हवा आक्रसते आणि दिवा बाहेरची हवा आत ओढून घेतो. बहुतेक दिव्यांत ही हवा येते ती वायर जिथून आत शिरते त्या ग्लँडमधून, किंवा वायरच्या आतल्या तारांच्या फटीतून, आणि येताना ती पाणी घेऊन येते. आठवड्याभरात काचेला आतून वाफ धरते, महिन्याभरात ड्रायव्हरवर हिरवट गंज दिसतो. कोकणात या पाण्याबरोबर मीठ येते आणि काम आणखी लवकर उरकते. म्हणून धूळ-पाणी रोखण्याचा आयपी ६५ किंवा ६६ असा शिक्का असलेला दिवाही पहिल्या पावसात मरू शकतो: शिक्का कारखान्यातल्या चाचणीचा असतो, आणि ग्लँड मात्र जागेवर वायरमनने अर्धवट आवळलेला असतो. चांगल्या दिव्याला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी छोटी झडप असते, आणि वायर खाली झोळ देऊन वर घेतलेली असते, जेणेकरून थेंब ग्लँडवर न येता झोळावरून गळून पडेल. ही पाच मिनिटांची कारागिरी आहे. तिच्याअभावी गावोगाव किती दिवे वर्षाच्या आत फेकले जातात याची कुणी मोजदाद ठेवत नाही, आणि ऊर्जाबचतीच्या कुठल्याही अहवालात फेकलेला दिवा दिसत नाही. हे मला या विषयातले सर्वांत मोठे दुर्लक्ष वाटते.

विजेच्या दाबाचाही प्रश्न याच जागी येतो. आपल्या थ्री-फेज वाहिनीवर न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. वळवाच्या पावसात विजांचे झटके वेगळेच. त्या दाबाला आपोआप बंद पडून नंतर पुन्हा सुरू होणारा ड्रायव्हर बनवता येतो, बनवलाही जातो, पण तो महाग असतो. स्वस्त दिव्यात हल्ली ड्रायव्हर वेगळा नसतोच. त्याचे भाग चिपच्याच पट्टीवर बसवतात. बाजारात याला डीओबी म्हणतात. असा दिवा हलका, स्वस्त आणि दिसायला सुबक असतो, पण एक भाग गेला की सगळाच गेला. २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद इथल्या दुकानांच्या नील्सनने केलेल्या पाहणीत एलईडी बल्बच्या सुमारे तीन-चतुर्थांश ब्रँडनी सुरक्षेच्या भारतीय मानकांची पूर्तता केलेली नसल्याचे आढळले होते. ही पाहणी दिवे बनवणाऱ्यांच्याच संघटनेने पुढे आणली, त्यामुळे तिच्यामागे स्पर्धकांना बाजूला सारण्याचा हेतूही असू शकतो. तरी दुकानात बिननावाचे दिवे किती सहज मिळतात ते पाहता ती अविश्वसनीय वाटत नाही. २०१८ पासून एलईडी बल्बवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी सक्तीची झाली. मात्र वीज किती खातो हे तारे सांगतात. दिवा पावसात टिकेल की नाही हे ते सांगत नाहीत.

ताब्याचा दुसरा भाग वेळेचा, आणि दुकानदार, हॉटेले, पेट्रोल पंप, गोदामे यांच्यासाठी हाच सर्वांत किफायतशीर आहे. संध्याकाळी सहा ते अकरा पूर्ण उजेड आणि त्यानंतर सकाळी सहापर्यंत तीस टक्के, एवढी एकच व्यवस्था केली तर बारा तासांचा खर्च साधारण सात तासांचा होतो. म्हणजे चाळीस टक्क्यांची बचत, एकही दिवा न बदलता. कुणी आले की हालचाल ओळखणारा सेन्सर उजेड पूर्ण करतो. उजेड-अंधार ओळखणारा फोटोसेल दिवसा जळणाऱ्या दिव्यांचा प्रश्न सोडवतो, पण त्याच्यावर धूळ बसली की तो भर दुपारीही संध्याकाळ समजतो. म्हणून तारखेप्रमाणे सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारा टायमर अधिक भरवशाचा. शंभर किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत बाहेरच्या दिव्यांना असे स्वयंचलित नियंत्रण अपेक्षित धरलेले आहे. फ्रान्सने याहून पुढचे पाऊल टाकले. २७ डिसेंबर २०१८ च्या आदेशानुसार तिथे दुकानांच्या दर्शनी काचांमधले दिवे रात्री एकपर्यंत, आणि काम त्याहून उशिरा चालत असेल तर ते संपल्यावर तासाभरात, विझवावे लागतात. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर असा कायदा नाही. पण कायदा येईपर्यंत दुकानाच्या पाटीला टायमर लावायला कुणी अडवलेले नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. उजेड कमी केला तर चोऱ्या वाढतील, बायकामुलींना रात्री बाहेर पडणे अवघड होईल. या आक्षेपाला उडवून लावणे चुकीचे ठरेल, कारण त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सरकारी गृहवसाहतींपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वसाहतींत दिव्यांचे तात्पुरते मनोरे उभारले गेले. तिथे रात्रीच्या वेळी घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या बाजूला, इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या नोंदींचा २०१५ मध्ये अभ्यास झाला. पैसे वाचवण्यासाठी या संस्थांनी पथदिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवले होते, मंद केले होते किंवा पांढऱ्या दिव्यांनी बदलले होते. त्यामुळे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचे दिसले नाही. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडून काढतात असे मला वाटत नाही. जिथे अंधार होता आणि भीती होती तिथे उजेड आणल्याने फरक पडला. जिथे पुरेसा उजेड होता तिथे तो थोडा कमी केल्याने पडला नाही. आपल्या शहरांत दोन्ही प्रकारच्या जागा शेजारीशेजारी आहेत: चौकात डोळे दिपवणारा हायमास्ट, आणि त्याच्या मागच्या बोळात बसस्टॉपपासून घरापर्यंत एकही दिवा नाही. महिलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सेफ्टीपिनसारख्या उपक्रमाने २०१३ पासून शहरांतल्या रस्त्यांच्या नोंदी गोळा करताना उजेड हा एक मुख्य निकष धरला. प्रत्येक वस्तीने असा नकाशा स्वतःपुरता काढावा. वाचलेली वीज त्या बोळात खर्च झाली तर तिचे सोने झाले असे मी म्हणेन.

शिवाय भरपूर उजेड आणि नीट दिसणे यांत फरक आहे. गेटच्या खांबावर बाहेर तोंड करून लावलेला शंभर वॅटचा फ्लडलाइट घ्या. वॉचमन आत खुर्चीवर बसलेला, तोंड रस्त्याकडे. दिव्याच्या तीव्र झोताच्या कडेला जी सावली पडते ती त्याच्या डोळ्यांना काळीकुट्ट दिसते, कारण डोळ्याची बाहुली झोताच्या हिशेबाने आकसलेली असते. बाहेरून येणाऱ्याला तर फक्त दिवाच दिसतो, गेट दिसत नाही. साठीपुढच्या माणसाच्या डोळ्याच्या भिंगात प्रकाश अधिक विखुरतो आणि त्याला हा त्रास दुप्पट होतो. तोच उजेड खाली तोंड करून, पाव ताकदीने, समान पसरला तर येणाऱ्याचा चेहरा दिसतो, पायरी दिसते आणि सीसीटीव्हीतले चित्रही पांढरे पडत नाही. सुरक्षिततेसाठी उजेड हवा म्हणणाऱ्याने सर्वांत आधी झगमगाटाला नकार द्यायला हवा.

रंगाविषयीचा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा दर वॅटला जास्त उजेड देतो, मग ३००० केल्विनचा पिवळसर कशाला? पूर्वी हा फरक मोठा होता. आजच्या चांगल्या चिपमध्ये तो काही टक्क्यांवर आला आहे. उलट निळा उजेड हवेत कितीतरी जास्त विखुरतो: ४५० नॅनोमीटरचा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या तिपटीहून अधिक. म्हणजे तोच जास्त प्रमाणात आभाळ उजळायला जातो. शरीराला दिवस आहे की रात्र हे सांगणाऱ्या डोळ्यातल्या पेशीही निळ्याच प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याखालचे असावेत असे सुचवले, ते याच कारणांनी. हॉटेलवाल्यांसाठी आणखी एक व्यवहारी कारण आहे. पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात, आणि जुलै महिन्यात टेबलावर किडे कमी असणे ही काही लहान गोष्ट नाही. चुना लावल्यासारखा पांढरा उजेड म्हणजेच आधुनिक उजेड, ही समजूत आपण गेल्या दहा वर्षांत विकत घेतली आहे.

अंधार वाचवणे ही आकाश निरीक्षकांची चैन आहे, असेही म्हटले जाते. शेतकऱ्याला विचारले तर तो हे मान्य करणार नाही. शेवंतीचे फूल लांबवण्यासाठी रात्री शेतात दिवे लावतात, ड्रॅगनफ्रूटला हंगामाबाहेर कळ्या आणण्यासाठीही लावतात. रोप रात्रीची लांबी मोजते हे त्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते. सोयाबीन हे रात्र लांबल्यावर फुलोऱ्याला येणारे पीक. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते, हे अमेरिकेतल्या सोयाबीन पट्ट्यात वारंवार नोंदवले गेले आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात महामार्गालगतच्या ढाब्यांचे आणि पंपांचे दिवे रात्रभर ज्या शेतांवर पडतात, तिथेही पीक तेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. उजळलेला किनारा त्या टाळतात, आणि नुकती बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. तो उजेड समुद्राचा असायला हवा, रिसॉर्टच्या लॉनचा नव्हे. अकोले तालुक्यात पावसाआधी काजवे पाहायला जी गर्दी लोटते, तिच्या गाड्यांचे आणि तंबूंचे दिवे काजव्यांच्या एकमेकांना दिलेल्या खुणा पुसून टाकतात. हे टाळता येते याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी तिथल्या गावांतले शंभराहून जास्त दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. त्यांचा उजेड त्यांच्याच रस्त्यावर उतरला.

सौर दिव्यांबद्दल इथे थोडक्यातच. बॅटरीत साठलेली वीज मोजकी असते, म्हणून सौर दिवा बनवणाऱ्याला दिशा, मंदपणा आणि वेळ यांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. जो वाया घालवतो त्याचा दिवा जुलैच्या ढगाळ आठवड्यात मध्यरात्रीच विझतो. वाहिनीवरच्या दिव्याला अशी शिक्षा कुणी देत नाही. ग्रामपंचायत घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर घेते, पण त्या करातून किती उजेड कुठे पडला याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे क्वचितच येतो, आणि पथदिव्यांची बिले थकली की चर्चा फक्त थकबाकीची होते.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. लेन्स असलेला, ड्रायव्हर बदलता येईल असा, दाबाचा झटका सोसणारा दहा वॅटचा दिवा बाजारातल्या पन्नास वॅटच्या स्वस्त फ्लडलाइटपेक्षा महाग पडतो. पण वर सांगितलेल्या बंगल्याला असे दोन दिवे, पुढे एक आणि मागे एक, पुरतात. ते अकरानंतर मंद केले तर वर्षाला ५२ युनिट लागतात. चार फ्लडलाइटच्या ८७६ युनिटांशी तुलना केली तर सव्वाआठशे युनिट वाचले. युनिटला आठ रुपये धरले तरी साडेसहा हजार रुपये होतात, आणि तेही दरवर्षी. सोसायटीच्या पार्किंगला आणि कारखान्याच्या आवाराला हा आकडा त्यांच्या आकारमानाने वाढतो. अडचण अशी की दिवा घेणारा एक असतो आणि बिल भरणारा दुसरा: बिल्डर दिवे लावून देतो, सोसायटी वीस वर्षे बिल भरते, ठेकेदार निविदेतल्या वॅटप्रमाणे माल पुरवतो, पाच वर्षांनी तो जागेवर नसतो. म्हणून निविदेत वॅटऐवजी जमिनीवरचे लक्स, उजेडाचा समानपणा, रंगाचे केल्विन, ड्रायव्हरची हमी आणि सुट्या भागांची उपलब्धता लिहून घ्यावी लागते. ती कशी लिहायची याचा नमुना पुढे एका स्वतंत्र प्रकरणात दिला आहे, तो सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि ग्रामसेवकाला जसाच्या तसा वापरता येईल. पहिले प्रकरण मात्र मोजमापाचे आहे. त्यासाठी साधा लक्समीटर पुरतो. नवा दिवा घेण्याआधी अमावास्येच्या आसपास रात्री नऊ वाजता आणि मग दोन वाजता गेट, पायऱ्या, पार्किंग आणि मागची गल्ली अशा जागांचे आकडे जमिनीलगत धरून घ्यावेत आणि कागदावर नकाशा काढून त्यात भरावेत.